चालू इंजिन आहे म्हणे!

पत्र असं आहे:

"मिस्त्रीकाका, नमस्कार. माझी टाटा १६१३ ट्रक आहे, २००८ ची, एमएच ०९ पासिंग. गेल्या महिन्यात कोकणातून चिरा (जांभा दगड) भरून करूळ घाट चढताना रेडिएटरचा होस (रबरी पाईप) फुटला. थांबायला जागा नव्हती, मागं गाड्यांची रांग, म्हणून तशीच ओढत गगनबावड्यापर्यंत आणली. तिथं बंद पडली ती पडलीच, आता इंजिन फिरतपण नाही. टोचन करून घरी आणलीय. मेव्हणा म्हणतोय उघडण्यात पैसे घालवू नका, त्याच्या ओळखीचा एक भंगारवाला टाटाचं ६९७ इंजिन देतोय, चालू कंडिशन, १ लाख १५ हजार सांगतोय. व्हॉट्सॲपवर व्हिडिओपण पाठवलाय. २० हजार विसार मागतोय, कागदाचं म्हणाला नंतर बघू. दुसरा एक जण म्हणतोय कमिन्स कंपनीचं इंजिन बसवा, भानगडच मिटंल. दसरा झाला की साखर कारखान्याची ऊस वाहतूक चालू, करार केलाय, ऊसतोडीच्या टोळीला उचल देऊन बसलोय. बायको म्हणतीय गाडीच विका. काय करू? – एक ट्रकवाला, कागल तालुका"

भावा, २० हजार अजून दिले नसशील तर देऊ नकोस, आणि दिले असशील तर आज संध्याकाळीच मेव्हण्याला मोटरसायकलवर मागं बसव, तिकडं जा आणि परत घेऊन ये. बाकीचं मग निवांत वाच.

पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते त्या भंगारवाल्याचं नाही, तुझंच. महिना झाला गाडी दारात उभी आहे आणि तुझं स्वतःचं इंजिन अजून एकानंही उघडून बघितलेलं नाही! फिरत नाही म्हंजे मेलं असं तू आणि मेव्हण्यानं मिळून ठरवून टाकलंय. पाणी संपलेलं इंजिन घाटात ओढलं की काय होतं, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) तापून वाकतं, गॅस्केट जातं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असल्यामुळं बीडाच्या लायनरपेक्षा (पिस्टन ज्यात खालीवर होतो ते नळकांडं) जास्त फुगतात आणि लायनरला घासत घासत धरून बसतात. कधी ऑईल पाण्यासारखं पातळ होऊन एखादं बेरिंगही क्रँकला (पिस्टनच्या जोरानं फिरणारा खालचा दांडा) चिकटतं. थंड झाल्यावरही फिरत नाही म्हंजे यातलं काहीतरी नक्की झालंय, पण पिस्टन, लायनर, रिंगा, बेरिंग ह्या सगळ्या बदलायच्याच वस्तू आहेत, दुकानात मिळतात. इंजिनात जपायची वस्तू म्हंजे ब्लॉक आणि क्रँक. हे दोन शाबूत असतील तर तुझं इंजिन जिवंत आहे, आणि ते शाबूत आहेत का नाहीत हे तुला, मला, मेव्हण्याला कुणालाच माहीत नाही.

म्हणून पहिलं काम, हेड काढ, खालचं ऑईलचं चेंबर काढ. एका मिस्त्रीचं नि एका हेल्परचं दिवसाभराचं काम आहे. ब्लॉकला बाहेरून आतून कुठं चिरा गेलाय का बघ (घाटातून आणलेला चिरा नव्हे!), कॉनरॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) सरळ आहेत का बघ, मग क्रँक काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात ग्राइंडिंगवाल्याकडं घेऊन जा. तो मायक्रोमीटर लावून पाच मिनिटात सांगतो कितव्या साईजवर आहे ते. स्टँडर्ड असंल किंवा एकदाच दहावर (म्हंजे इंचाचे दहा हजारांश भाग घासून) गेलेला असंल तर अजून ग्राइंडिंगला जीव आहे, वीसवर असंल तरी चालतंय, तीस-चाळीसवर जाऊन आलेला असंल तर त्याची गोष्ट संपली. आणि बेरिंग धरलेल्या जागी क्रँक निळा पडलाय का तेवढं आवर्जून विचार, निळा म्हंजे पोलादाचं पाणी उतरलंय, तो नुसता घासून बसवला तर कारखान्याच्या गेटवर मोडंल. क्रॅक टेस्ट करून घे, तिथंच होते, त्याला कंजूषी करू नको.

आता समज उघडल्यावर निघालं की ब्लॉक गेलाय किंवा क्रँक गेलाय. मग जुनं इंजिन घेण्यात काही वावगं नाही, मी स्वतः आयुष्यात कितीतरी बसवलीत. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवून घ्यायचं, 'चालू आहे' म्हणून घ्यायचं नाही, आणल्यावर उघडायचंच आहे असं धरून घ्यायचं आणि त्याच हिशोबानं पैसे द्यायचे. चालू इंजिनाचे पैसे वेगळे आणि उघडायच्या इंजिनाचे वेगळे. तो १ लाख १५ हजार चालूचे सांगतोय आणि देणार आहे उघडायचं.

माझ्यावर काय बेतलं होतं ते सांगतो म्हंजे कळंल. बरीच वर्षं झाली, मी नवीन गॅरेज टाकलं होतं आणि एका गिऱ्हाइकासाठी असंच एक इंजिन बघायला गेलो. शेडमध्ये दोन जुन्या टायरवर ठेवलेलं, वरून चकाचक निळा रंग मारलेला, डिझेलचा कॅन बाजूला लटकवलेला. माणसानं सेल्फ मारला, एका झटक्यात चालू. आवाज असा की कानाला गोड वाटावा, धूर नाही, ठोका नाही. मी भुललो. इंजिन बसवलं, गिऱ्हाइकानं पेढे दिले, आणि आठव्या दिवशी निपाणीच्या अलीकडनं त्याचा फोन, काका आतनं हातोडी मारल्यागत आवाज येतोय. चेंबर उघडलं तर खालून जे ऑईल निघालं ते बोटाला मधासारखं चिकटत होतं. गिअर बॉक्सचं नव्वद नंबर घातलं होतं त्या बाबानं! जाड ऑईल असलं की ढिल्ल्या बेरिंगचा ठोका दबतो, रिंगांतून वर येणारं ऑईलही थोडं थांबतं, आठ-दहा दिवस तुझं सगळं झाकून जातं. आणि मी हात लावून बघितलं नव्हतं की मी पोचायच्या आधी इंजिन तापवून ठेवलंय, म्हणून तर एका झटक्यात चालू झालं. ते इंजिन मी पदरच्या पैशानं करून दिलं. तेव्हापासून कुणाच्याही शेडमध्ये गेलो की आधी रामराम, मग हात ब्लॉकवर, मग बाकीचं बोलणं. कोमट लागलं तर म्हणायचं, भाऊ उद्या सकाळी सातला येतो, तोवर चालू करू नका.

तुझ्या त्या व्हिडिओचं पण तेच. किती सेकंदाचा आहे तो? रेडिएटर जोडलेला दिसतोय का? मला खात्री आहे की नसणार. बिनपाण्याचं इंजिन दोन मिनिटं कुणाचंही चालतं, तापल्यावर काय होतंय तोच तर प्रश्न आहे. त्याला सांग, रेडिएटर लाव नाहीतर बॅरल आणि पाईप जोड, वीस मिनिटं चालव, मी समोर उभा राहतो. टाळाटाळ करायला लागला की समजायचं आणि चहा पिऊन उठायचं.

चालवलंच तर बघायचं काय. गार असताना सुरू होताना थोडा पांढरा धूर येतो तो चालतो, तापल्यावर जायला पाहिजे, तापल्यावरही पांढरा येत राहिला आणि पाणी कमी होत असलं तर पाणी आत जातंय. निळसर म्हंजे ऑईल जळतंय. काळा बहुतेक वेळा डिझेल पंप-नोझलचा नाहीतर हवेचा, त्याला मी एवढं घाबरत नाही, पंप कॅलिब्रेशन करून आणता येतो. मग ऑईल भरायचं झाकण काढायचं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवायचं, फिरवायचं नाही. थोडं थरथरलं तर ठीक, नाचून खाली पडलं किंवा भोकातून धूर भकाभका आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा-लायनर गेलेत. रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे एकसारखे येत असतील तर हेड नाहीतर गॅस्केट. ऑईल प्रेशरचा घड्याळ्या मीटर घरून घेऊन जा, त्याच्या मीटरवर विश्वास नको, इंजिन पूर्ण तापल्यावर स्लोवर (रेस न देता) काटा एक केजीच्या खाली लोळत असंल तर बेरिंग संपलीत. आणि हे सगळं बघायच्या आधी डिपस्टिक ओढून ऑईल बोटावर घे. मध लागला तर माझी आठवण काढ. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी मिसळलंय.

टर्बोचा होस काढून शाफ्ट बोटानं हलवून बघ, आडवा किंचित हलतो ते चालतं, पुढंमागं खेळायला नको आणि पाती आतल्या भिंतीला घासलेली नकोत. आणि तुझ्या १६१३ ला मूळ टर्बोवालं इंजिन असंल तर टर्बोवालंच घे, ६९७ बिनटर्बोचंही निघालेलं आहे, दिसायला सारखंच, पण पंप वेगळा, पिस्टन वेगळे, नंतर टर्बो लटकवून टर्बोवालं म्हणून खपवतात. (६९७ म्हंजे ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोर, स्ट्रोक १२८, सगळं मिळून ५६७५ सीसी. नावातच माप आहे, तरी ड्रायव्हर लोकांना वाटतं कंपनीनं उगंच नंबर दिलाय.)

आता आपल्याकडची एक खास गोष्ट, पुराची. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळेला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं, ट्रकच्या रांगा लागल्या होत्या, आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यात किती गाड्या पाण्यात गेल्या ते तूही बघितलंयस. त्यातल्या काहींची इंजिनं अजून बाजारात फिरताहेत. पाण्यात उभ्या इंजिनाचं एवढं काही नाही, धुऊन पुसून लगेच उघडलं असंल तर वाचतं. पण कुणीतरी घाईनं तसाच सेल्फ मारला असंल तर सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, मग कॉनरॉड वाकतो, आणि वाकलेल्या रॉडवर इंजिन चालतंय की! सहा महिने, वर्षभर चालतं आणि एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर, म्हंजे आपण खिडकी पडली म्हणतो ती. हे बाहेरून कसं ओळखायचं, तर सेल्फ काढ आणि बेलहाऊसिंगच्या (क्लचवरचं कवच) आत बोट घाल, टायमिंग कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात बघ, अल्टरनेटरच्या आत बघ. पंचगंगेचा गाळ बारीक असतो, वाळला की खापरासारखा चिकटतो आणि कितीही वॉशिंग केलं तरी ह्या कोपऱ्यातनं जात नाही. हेड काढायला दिलं तर सगळे पिस्टन एकेक करून वर आणून डायल गेजनं उंची बघायची, एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर रॉड वाकलाय, विषय संपला. कोकणातल्या होडीवर चाललेलं इंजिनही ट्रकचं म्हणून विकायला आणलेलं मी बघितलंय, पाण्याच्या वाटांत पांढरा खार बसलेला असतो, ते तर हातात धरू नको.

आणि रंग. ताजा रंग दिसला की खिशातनं चावी काढायची आणि ब्लॉकच्या बाजूंवर, वॉटर प्लगच्या आसपास टोचत जायचं. एमसील मऊ लागतं, बीडाला चावी टोचली तर चावी वाकते. खिडकी पडलेल्या ब्लॉकला पत्रा लावून वेल्डिंग करून वर एमसील आणि रंग, असं काम करणारे कलाकार आपल्या भागात आहेत, एवढ्या फाउंड्र्या असल्यावर बीडाचं वेल्डिंग जमणारे हातही असणारच. वेल्डिंग वाईट असतं असं नाही, व्यवस्थित तापवून केलेलं टिकतं, पण ते सांगून विकावं ना!

चेंबर उघडायला तो तयार झाला तर एक मेन (क्रँक ब्लॉकमध्ये बसतो तिथलं) आणि एक बिगएंडचं (कॉनरॉड क्रँकला जोडतो तिथलं) बेरिंग काढून पाठीमागं काय छापलंय ते वाच, स्टँडर्ड का ०.२५ का ०.५० (मिलिमीटरमध्ये, म्हंजे आपलं दहा आणि वीस), त्यावरनं क्रँक कितव्यांदा झालाय ते कळतं, भंगारवाल्याच्या आईची शपथ लागत नाही. तयार नाही झाला तर निदान ऑईल फिल्टर काढून कापून बघ, घड्यांमध्ये तांब्यासारखी चमक दिसली तर बेरिंगचा कपडा (वरचा थर) निघालाय.

आता कागद. 'नंतर बघू' हे वाक्य ऐकलं तिथंच तुझे कान टवकारायला पाहिजे होते. तुझ्या आरसी बुकावर इंजिन नंबर आहे, गाडी आठ वर्षांच्या वर असल्यामुळं दरवर्षी पासिंगला जाते, नंबर जुळला नाही तर तिथंच अडकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, मी तर म्हणतो बसवायच्या आधीच आरटीओत जाऊन विचारून ये आणि गाडीवर फायनान्सचा बोजा असंल तर त्यांचं संमतीपत्रही घे. त्यासाठी तुझ्याकडं पक्कं बिल पाहिजे, त्यावर इंजिन नंबर पाहिजे, आणि ज्या गाडीतनं ते काढलं तिच्या आरसीची झेरॉक्स, ती गाडी मोडीत काढून आरसी रद्द केल्याचा कागद पाहिजे. ब्लॉकवरच्या नंबरच्या पट्टीवर हात फिरव, तिथं ग्राइंडर मारल्यासारखी खोलगट लागली किंवा आकडे वेडेवाकडे ठोकलेले दिसले तर एक शब्द न बोलता निघून ये. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस भंगारवाल्याला नंतर शोधतील, आधी तुझ्या दारात येतील, कारण इंजिन तुझ्या गाडीत आहे. वरनं ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला नंबरावर बोट ठेवून क्लेम नाकारायला मोकळा.

कमिन्सचं थोडक्यात सांगतो. इंजिन झकास आहे, ५.९ लिटर, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुझ्या गाडीला ते बसवायचं म्हंजे माउंटिंग, बेलहाऊसिंग, क्लच, रेडिएटरचे पाईप, सायलेन्सर, सगळ्याला हात लागतो, आरसीवर वेगळ्या जातीचं इंजिन चढवायची परवानगी काढायची ती वेगळीच, आणि त्या ब्लॉकला लायनर नसतो, बोर ब्लॉकमध्येच असतो, घासला की ओव्हरसाईज पिस्टन घालून पुन्हा बोअरिंग. हंगाम दारात असताना हा नाद करायचा नाही. तो सांगणारा माणूस फॅब्रिकेशन करतोय काय बघ जरा.

विकायचं म्हणणाऱ्या वहिनींना वेड्यात काढू नको. त्यांचा हिशोब साधा आहे, १८ वर्षांकडं चाललेल्या गाडीत अजून किती ओतायचे. पण आज बंद इंजिनाची गाडी विकलीस तर भंगाराच्या भावानं जाईल आणि टोळीची उचल तुझ्या अंगावर राहील, म्हणून ह्या हंगामापुरतं माझं मत गाडी चालती करायची. हंगाम संपल्यावर चालू गाडी विकायचं दोघं बसून बोला, त्यात मी पडत नाही.

तेव्हा क्रम असा धर, उद्या हेड आणि चेंबर. क्रँक-ब्लॉक चांगले निघाले तर हेड फेसिंग (घासून सपाट करणं), नवीन लायनर-पिस्टन, बेरिंग, ऑईल पंप, आणि ज्यानं हे सगळं घडवलं तो होस, सगळेच होस बदल, थर्मोस्टॅट बदल, रेडिएटर रॉडिंग (आतल्या नळ्या सळईनं साफ) करून घे. काम झाल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस भार कमी टाक, एकदम ऊस चेपून भरू नको. नाहीच निघाले चांगले, तर कंपनीचं स्वतःचं रिकंडिशन इंजिन जुन्याच्या बदल्यात मिळतं, टाटाचं प्रोलाईफ म्हणून आहे, त्याचा भाव काढ, वॉरंटी आणि बिल दोन्ही मिळतं. तो भाव हातात आला की भंगारवाल्याशी बोलायला बरं पडतं. आणि तरीही त्याचंच घ्यायचं झालं तर मी असतो तर ६० हजारांच्या वर बोललोच नसतो, तेही ब्लॉक-क्रँक मापून, पंप आणि टर्बो धरून, बिलासकट. त्यानं हसून 'काका काय चेष्टा करताय' म्हटलं तर म्हणू दे.

क्रँकचं माप आलं की लिही. व्हिडिओ पाठवू नको.